चाळीस घरांची पट्टी

सोमवार, दिनांक ९ मार्च २०२६. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरून तिच्यावर तेवीस वस्तू मांडून ठेवल्या होत्या, आणि त्यांपैकी एकीलाही अजून दुसरीची ओळख पटलेली नव्हती.

मास्तरांनी त्या दोनदा मोजल्या. तंत्रनिकेतनात चौतीस वर्षे मापनयंत्रांची प्रयोगशाळा चालवलेल्या माणसाला एकदा मोजून चैन पडत नाही. मदरबोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा, मेमरीच्या दोन कांड्या, पत्र्याची पेटी, वीजपुरवठ्याचा ठोकळा, जाड-बारीक केबली; आणि सर्वांत शेवटी, तेविसाव्या जागी, ताईची पट्टी.

ही पट्टी म्हणजे करड्या रंगाचा, कीबोर्डाएवढ्या लांबीचा एक चपटा डबा होता. त्याच्या पुढच्या कडेला एका ओळीत चाळीस घरे आणि प्रत्येक घरात टाचणीच्या टोकाएवढ्या आठ सुया. संगणकाने सांगितले की सुया वर येत, नाही सांगितले की खाली बसत. बोट फिरवले की अक्षर कळे. ती करणारी कंपनी अकरा वर्षांपूर्वी बंद पडली होती. दुकानात मिळणाऱ्या तयार संगणकांना तिची ओळख उरली नव्हती. लिनक्स या मोफत संगणकप्रणालीच्या जगात मात्र कुठल्याशा परक्या माणसांनी, कुणी विचारीत नसतानाही, तिची बोली जपून ठेवली होती. म्हणून मास्तरांनी ठरवले होते की पट्टीसाठी संगणक बांधायचा. बटणासाठी सदरा शिवावा तसा हा प्रकार होता, पण बटण तसेच मोलाचे होते.

सुटे भाग निवडायला त्यांना तीन आठवडे लागले. इंटरनेटच्या जाळ्याशी जोडणारी कोणती चिप लिनक्सला निमूटपणे मानते, कोणते ग्राफिक्स कार्ड रुसून बसते, कोणत्या बोर्डावर झोपी गेलेला संगणक पुन्हा उठतच नाही, याच्या त्यांनी याद्या केल्या. सुट्या भागांचे दुकान त्यांचीच एक जुनी विद्यार्थिनी चालवीत असे. ती म्हणाली, "सर, बाकीची गिऱ्हाइकं वेग विचारतात. तुम्ही एकटे असे, स्वभाव विचारता."

"वेगाशी कसंही जमवून घेता येतं गं," मास्तर म्हणाले. "स्वभावाशी नाही."

आतल्या खोलीतून भिंतीला हात लावत ताई आली. ती त्यांची बहीण, त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठी. दोन वर्षांपूर्वी तिची नजर गेली. आधी मधोमध एक राखाडी ठिपका आला, मग तो शाईसारखा पसरत कडेपर्यंत गेला.

"मास्तर, मांडून झालं का तुझं प्रदर्शन?"

"ताई, घाई केली की स्क्रू पडतो."

"आणि नाही केली की माणूस पडतो. मला चौऱ्याहत्तरावं चालू आहे."

तिने टेबलाची कड चाचपली, पट्टीपर्यंत पोचली आणि सुयांच्या ओळीवर हात ठेवून उभी राहिली. सुया निजलेल्या होत्या.

तिला घाई होती ती अशी. बंदराची भरती-ओहोटीची कोष्टके शहरातल्या एका जुन्या छापखान्यात छापली जात, आणि ताईने एकतीस वर्षे त्यांची मुद्रिते तपासली होती. वर्षाच्या एक हजार चारशे दहा भरत्या आणि ओहोट्या. प्रत्येकीची वेळ आणि पाण्याची उंची. नजर गेली आणि ते काम दुसऱ्या दोघांकडे गेले. गेल्या वर्षी कोष्टकांत नऊ चुका तशाच छापून गेल्या, तेव्हा ताईने स्वतःहून व्यवस्थापकांना फोन केला. चौदा महिने खपून ती बोटांनी वाचायला शिकली होती. व्यवस्थापक भला माणूस, पण व्यवहारी.

"ताई, टंकलेली कोष्टकं पाठवतो," ते म्हणाले होते. "आमचे दोघं तीच वाचताहेत. तेवीस तारखेला सकाळी अकरापर्यंत तुमची यादी आणा. त्यांच्या तोडीची निघाली, तर कोष्टकं पुन्हा तुमची. नाही निघाली, तर, काय, चहाला येत जा."

ताईला बाकी कशाचे काही वाटले नव्हते. ते 'चहाला येत जा' तेवढे काट्यासारखे रुतून बसले होते.

"बोलणारा संगणक आहे की," मास्तर तिला एकदा म्हणाले होते. "त्याच्याकडून ऐक आकडे."

"चाळीस आकडे ऐकले की कानाला डुलकी लागते रे. बोटाला नाही लागत."

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, दुपारपर्यंत संगणक उभा राहिला. पहिल्यांदा वीज दिली तेव्हा काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी खालून वर सरकू लागल्या. एकेक भाग आपले नाव सांगून वर निघून जात होता. पंख्याचा आवाज इतका मंद होता की शेजारच्या खोलीत कुणी गाढ झोपले असावे असे वाटे. मास्तर ऐकत राहिले. वर्गात हजेरी घेताना उन्हाच्या तिरिपेत धुळीचे कण तरंगत, तसे काहीसे त्यांना दिसू लागले. सगळे हजर होते.

पट्टी मात्र त्यांनी लगेच जोडली नाही. नव्या बाकावर आधी ओळखीचे यंत्र लावायचे, ते नीट चालले की मगच परक्याचे मौल्यवान यंत्र, हा त्यांचा प्रयोगशाळेतला नियम होता, आणि या नियमापायी चौतीस वर्षांत एकही यंत्र जळाले नव्हते. म्हणून त्यांनी खिडकीतला आपला वायुभारमापक उचलला. हवेचा दाब दर मिनिटाला सांगणारे ते यंत्र त्यांनी स्वतः घडवले होते. ते आणि पट्टी दोन्ही जुन्या, नऊ पिनांच्या जोडणीची. नव्या बोर्डावर तसले पोर्ट कुठून असणार? त्यासाठी मधे एक रूपांतर करणारी केबल लागे. मास्तरांनी एकाच बनावटीच्या दोन आणल्या होत्या.

वायुभारमापक जोडला. संगणकाने नवीन पाहुण्याचे नाव लिहिले. मास्तर समाधानाने मागे रेलले, आणि दोन सेकंदांत नाव नाहीसे झाले. पुन्हा जोडला, पुन्हा तेच. नोंदी चाळल्यावर कळले की आतला कुठलासा प्रोग्राम ती केबल आल्याबरोबर पकडून नेत होता. जाळ्यावर शोधले तर हीच तक्रार करणारे डझनावारी लोक निघाले, आणि सगळ्यांचा सल्ला एकमुखी: तो प्रोग्राम काढून टाका, तुम्हाला त्याचा काही उपयोग नाही. मास्तरांनी काढून टाकला. वायुभारमापक तत्काळ बोलू लागला: एक हजार अकरा मिलिबार. त्यांनी संगणकबांधणीच्या वहीत चौदावी नोंद केली, अक्षर नेहमीसारखे सुवाच्य.

मग पट्टी जोडली. वीज लागताच चाळीस घरांतल्या सगळ्या सुया एकदम उठल्या, जागच्या जागी क्षणभर थरथरल्या आणि निजल्या. पुन्हा काही उठल्या नाहीत.

पुढचे सहा दिवस मास्तरांनी तारेशी झुंज घेतली. ते तारेचे माणूस. बिघाड झाला म्हणजे तो तारेतच असणार, ही त्यांची अर्धी श्रद्धा आणि अर्धा अनुभव. त्यांनी नऊच्या नऊ पिना मोजल्या. दोन तारा उलट करून पाहिल्या, सुलट केल्या. दुकानातून तिसरी केबल आणली, चौथी आणली. वीजपुरवठ्याचा ठोकळा बदलला. सांध्यांना कथलाचा डाख दिला, उपटला, पुन्हा दिला. विजेचा दाब बरोबर, अर्थिंग बरोबर, सगळे बरोबर. आणि पट्टी मुकी. वहीतल्या नोंदी चौदावरून एकोणसाठवर गेल्या.

रोज सकाळी नऊला ताई हात स्वच्छ धुऊन, कोरडे करून यायची आणि पट्टीसमोर बसायची. सपाट ओळीवर आठ बोटे ठेवायची. खिडकीतून येणारे ऊन तिच्या मनगटांवरून हळूहळू सरकत कोपरापर्यंत जाई. ती काही विचारीत नसे. एखाद्या बंद दारापाशी, आत माणूस आहे हे ठाऊक असलेला पाहुणा उभा असतो, तशी ती बसलेली असे. त्या बसण्याने मास्तरांच्या जिवाला जितका घोर लागला, तितका तिच्या बोलण्याने लागला नसता.

मंगळवारी, सतरा तारखेला, जेवणे झाल्यावर ती म्हणाली, "वही वाच."

"कसली वही?"

"तुझीच. तार सहा दिवस तपासलीस, आता वही तपासू. मी जन्मभर दुसरं काय केलं?"

"ताई, वहीत चूक नाही."

"असं म्हणणारे लेखक मी पायलीचे पन्नास पाहिलेत. वाच. पहिल्या नोंदीपासून. रकान्याची नावंसुद्धा."

मास्तर वाचू लागले. अनुक्रमांक, वस्तू, तिचे काम, केलेली कृती, परिणाम. ताईने डोळे मिटून घेतले होते. मिटण्याचे तसे कारण नव्हते, पण तपासताना एकाग्र व्हायची तिची ती जुनी सवय होती. दुपार अगदी स्तब्ध होती. वाचता वाचता मास्तरांना वाटले की आपण फार लांबून, पाण्याखालून बोलत आहोत आणि काठावर बसून कुणीतरी ऐकत आहे.

"नोंद चौदा. वस्तू: आतला एक प्रोग्राम. कृती: काढून टाकला. परिणाम: वायुभारमापक सुरू. नोंद पंधरा…"

"थांब. मधला रकाना?"

"कुठला मधला?"

"त्याचं काम. पंख्यापुढेसुद्धा 'गार ठेवणे' असं लिहिलंस. ह्याच्यापुढे काय लिहिलंयस?"

मास्तरांनी चष्मा वर सरकवला. "काही नाही. रकाना कोरा आहे."

"का?"

"अगं, नाव उच्चारता येत नाही असला प्रोग्राम. सहा अक्षरं, सगळी एकमेकांत अडकलेली. वायुभारमापकाची केबल धरून बसत होता, काढला."

"मी नाव नाही विचारलं. तुझ्या वायुभारमापकाला त्यानं का धरलं?"

"काहीतरी दुसरं समजून."

"दुसरं म्हणजे काय?"

मास्तर उठले, संगणकापाशी गेले आणि सात दिवसांपूर्वी जे वाचायला हवे होते ते उभ्याउभ्याच वाचू लागले. पहिली ओळ मोठ्याने वाचली. दुसरीपाशी आवाज बारीक झाला. "ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. संगणकाला जोडलेली ब्रेलची पट्टी हा प्रोग्राम शोधून काढतो आणि पडद्यावरचा मजकूर तिच्यावर उमटवतो."

खाली बारीक अक्षरांत खुलासा होता की काही पट्ट्यांच्या पोटात त्याच स्वस्त केबलीची चिप असते, म्हणून तशी केबल दिसली की हा ती हातात घेऊन बघतो.

मास्तर खुर्चीत बसले. म्हणजे पहिल्या दिवसापासून आत कुणीतरी अंधारात बसून दारावर कान ठेवून होते. पहिली केबल आत आली, तशी त्याने धावत जाऊन हात पकडला होता: आलात का? तो हात वायुभारमापकाचा निघाला, इतकेच. सल्ला देणारे लोक खोटे बोलत नव्हते. त्यांच्या घरी ताई नव्हती, एवढाच फरक. पण मास्तरांच्या घरी होती, आणि तिला शोधत आलेल्यालाच त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात नोंद करून घराबाहेर काढले होते.

"ताई, मी त्याला हाकलून दिलं गं."

"मग परत बोलाव. रुसला असेल तर मी समजूत काढते."

तो परत आला. यावेळी मास्तरांनी त्याला नीट बजावले: साऱ्या केबली चाचपत हिंडायचे नाही, पेटीच्या मागच्या बाजूचे, वरून दुसरे भोक, तेवढेच तुझे. चार वाजून पस्तीस मिनिटांनी सुया उठल्या आणि उठलेल्याच राहिल्या.

ताईची बोटे त्यांच्यावरून डावीकडून उजवीकडे गेली. तिच्या कपाळावर आठी पडली. "'पडदा… अक्षरांचा… नाही.' हे काय रे? हे कुणाला बोलतोय?"

मास्तरांना हसू फुटले. सहा दिवसांनी पहिलेच. "मला. चित्रांच्या पडद्यावर बसलोय मी. थांब, साध्या पडद्यावर जातो."

"बघ, आल्या आल्या चूक काढली त्यानं. आमचं जमणार."

आता हातात पाच दिवस होते. मास्तरांनी रात्रीच्या जेवणाआधी एक लहानसा प्रोग्राम लिहून कोष्टकांची ओळ बदलली. चाळीस घरांपैकी डावीकडच्या घरांत आदल्या दिवशीच्या दोन भरत्या, उजवीकडच्या घरांत त्या दिवशीच्या. पुढच्या ओळीत तशाच ओहोट्या. ताईच्या डाव्या हाताखाली काल, उजव्या हाताखाली आज. वर्षाच्या सातशे तीस ओळी, दिवसाला एकशे सेहेचाळीस.

"ह्याच्यापेक्षा सगळंच तपासणारा प्रोग्राम लिहिता येईल मला," ते म्हणाले.

"लिही की. तोवर मी वाचते."

शेवटी तिने एक अट घातली. वाचन चालू असताना पडदा टेबलावर नको. भावाच्या डोळ्यांनी मदत केली असे कुणी म्हणता कामा नये. आणि भावाला मोह होता कामा नये. मास्तरांनी मॉनिटर सोडवून आतल्या खोलीत नेला आणि पलंगावर पालथा ठेवला. टेबलावर उरली पेटी, पट्टी आणि ताईचे दोन हात.

त्यानंतरचे दिवस मास्तरांना पुढे कधी वेगवेगळे आठवले नाहीत. एकच लांबलचक दुपार आठवे. सुयांचा आवाज होता, पण कसा, तर वाळूवरून पाणी मागे सरताना होतो तेवढा. ताई ओळ वाचे, बटण दाबे, चाळीस घरांत एक दिवस बुडे आणि दुसरा वर येई. भरती रोज कालच्यापेक्षा सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. पंधरवड्यात कधी ती पाय उचलते, कधी रेंगाळते. ती चाल ताईच्या अंगात एकतीस वर्षे मुरलेली होती. मास्तर शेजारी वही घेऊन बसत आणि डोळे मिटून घेत. मग पाणी दाराच्या उंबऱ्यावरून आत येई, टेबलाच्या पायांना लागे, चढे, खुर्चीच्या बैठकीपर्यंत येऊन थांबे आणि आल्या वाटेने परत जाई. असे दिवसातून दोन वेळा, जून, जुलै, ऑगस्ट. आपण जागे आहोत की नाही याची नोंद करायला कुठल्याही रकान्यात जागा नव्हती.

"जून अकरा," ताई म्हणे.

ते दचकून लेखणी उचलत. "काय?"

"दुपारची भरती कालच्याहून वीस मिनिटं आधी आली. चंद्र चुकत नाही रे, टंकणारा चुकतो. लिही."

"लिहिलं."

"घोरत होतास?"

"विचार करत होतो."

"विचाराचा फारच आवाज होतो तुझ्या."

तिसऱ्या दिवशी तिच्या तर्जनी बधिर झाल्या. तिने मधल्या बोटांनी वाचून पाहिले. ती बोटे अडखळत. कोमट पाण्यात हात बुडवून ती अर्धा तास बसली, आणि त्या दिवशी शंभरच ओळी झाल्या. शनिवारी कशाबशा नेमाच्या भरल्या. रविवारी सकाळी एकशे ब्याण्णव शिल्लक होत्या.

त्या रविवारी दुपारी ती एका ओळीवर अडकली. तीन ऑक्टोबर. चारदा वाचली, पाचव्यांदा वाचली. बोटे आता आकडा सांगत होती की आठवण, हेच तिला कळेना. अष्टमीच्या आगेमागे, भरतीचा जोर उतरायच्या दिवसांत भरती कधी कधी तासाहूनही जास्त रेंगाळते. ही ऐंशी मिनिटे रेंगाळली होती.

"पडदा आणू?" मास्तर हळूच म्हणाले. "एकदाच. आकडा काय आहे तेवढा बघतो, बाकी काही नाही."

"आणलास तर ते माझं वाचणं उरत नाही."

"पण चुकलीस तर?"

"तर चहाला जाईन," ताई म्हणाली.

तिने दोन्ही हात उचलले, मांडीवर ठेवले, गार होऊ दिले. बाहेर कुणीतरी सायकल ढकलत गेले. तिच्या चाकाचा टकटक आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू आला आणि विरला. मग तिने पुन्हा ओळ धरली, एकदाच, आणि पुढे गेली. "बरोबर आहे. त्या दिवशी पाणी आळशीच असतं."

संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी डिसेंबर संपला. सुया खाली बसल्या. यादीत अडतीस ओळी होत्या.

सोमवारी पावणेअकराला दोघे छापखान्यात पोचले. व्यवस्थापकांनी आपल्या दोन वाचकांच्या याद्या एकत्र केल्या, बंदराच्या कार्यालयातून आलेला मूळ कागदांचा गठ्ठा पुढे ओढला आणि ताईची यादी ओळीओळीने ताडून पाहायला लागले. पाऊण तास गेला. त्यांच्या पेन्सिलीची खूण करतानाची खरखर तेवढी ऐकू येत होती. सुरुवातीला ती सलग होती, मग मधूनमधून थांबू लागली. थांबली की व्यवस्थापक एखादा कागद उजेडाकडे धरून बघत.

"ताई," शेवटी ते म्हणाले, "कोष्टकं तुमची."

ताईने मान हलवली. "चुकीचं काय निघालं माझ्या यादीत?"

"एकच. दोन सप्टेंबर. छापलंय ते बरोबर आहे."

मास्तर खाकरले. "ती माझी. ओळ जोडताना शेवटचा आकडा गळला असणार. प्रोग्राम मी लिहिला होता."

"मग वजा करा," ताई म्हणाली. "मी त्याला पाठीशी घालणार नाही."

व्यवस्थापकांनी वजाबाकी केली आणि नोंदवहीत निकाल लिहिला. तपासलेले आकडे: दोन हजार आठशे वीस. दोन्ही वाचकांना मिळून सापडलेल्या चुका: बत्तीस. ताईंना सापडलेल्या चुका: सदतीस.